जोवर मी पितो आहे

सोब्रादेलू,
सोमवार, १८ जुलै १९७७

प्रिय फिर्मिनू,

अभिनंदन. काल सकाळी दहाच्या मिस्सेत फादर अनास्तासियूंनी तुमची नावं वाचली. आधी तुझं, तुझ्या वडिलांचं, आईचं. मग नातेर्सियाचं आणि तिच्या घरच्यांची. तिच्या दक्षिणेतल्या गावाचं नाव फादरना दोनदा वाचावं लागलं. ही पहिली वेळ. अजून दोन रविवार वाचतील आणि वीस ऑगस्टला लग्न. कुणाला काही हरकत माहीत असेल तर त्याने उठून सांगावी, असं ते शेवटी म्हणाले, तेव्हा मागे कुणीतरी खोकलं आणि बायका हसल्या. बाकी काही झालं नाही.

मी तुझ्या आईच्या, बाल्बिना मावशीच्या बाकावरच होते. तुझ्या पत्रावरून फादरनी शनिवारी घरी जाऊन तिला सांगितलं होतं म्हणे. तिने मला काही सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ऊन फार आहे. मी म्हटलं, हो, आहे.

मला कळवणं तुझ्यावर बंधनकारक नव्हतं. तीन वर्षं आपण एकमेकांना लिहिलेलं नाही. मी लिहिते आहे ते एवढ्यासाठीच की, इदालिना चर्चमधून रडत घरी गेली असं कुणी फ्रान्समध्ये तुझ्या क्लेर्मोंपर्यंत पोहोचवलं, तर ते खोटं आहे. मी घरी आले, कोबी चिरला, सूप केलं. बाबांनी दोन वाडगे घेतले.

मी पदवी घेऊन गावात परतल्यापासून तू आईला लिहिलेली सहा पत्रं मीच तिला वाचून दाखवली. भिंत बांधून झाली, थंडी पडली, गुडघा बरा आहे. एकाही पत्रात नातेर्सियाचं नाव नव्हतं. वाचणार कोण, हे तुला माहीत होतं.

दोघे सुखी राहा.

इदालिना


सोब्रादेलू,
बुधवार, २० जुलै

फिर्मिनू,

परवाच्या पत्रात सुपाचं तेवढं खरं होतं.

तुझ्या त्या सहा पत्रांचं आता सांगते. ऑक्टोबरातल्या पत्रात चौदा चुका होत्या. मी मोजल्या, मला सवय आहे. नाताळच्या पत्रात नऊ, ईस्टरला तीन. जूनचं पत्र आलं ते मी मावशीला वाचून दाखवलं, मग तिची परवानगी घेऊन घरी नेलं आणि खिडकीशी बसून ओळ न् ओळ तपासली. एकही चूक नव्हती. 'व' च्या जागी 'व', 'ब' च्या जागी 'ब'. आपल्या खोऱ्यातला जन्म, तिसरीपर्यंतची शाळा, दिवसभर दगड फोडणारा हात, आणि एकही चूक नाही. मी वेड्यासारखी समजले की हा माझ्यासाठी शिकतो आहे. ऑगस्टात सुट्टीवर येईल, समोर उभा राहील, आणि मला म्हणेल, आता तपास.

म्हणून रविवारी माझं काय झालं ते तुला समजेल.

तुला कदाचित वेगळं आठवत असेल, मी माझं सांगते. पाच वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, तुमच्या खळ्यावर मक्याची कणसं सोलायला सगळी आळी बसली होती. दुपार कलली होती. लाल कणीस तुला सापडलं. रिवाज असा की ज्याला ते सापडेल त्याने सगळ्यांना मिठी मारायची, आणि तू मारत सुटलास. माझ्या आईला, तुझ्या आईला, बिनदाताच्या क्विनू आजोबांनासुद्धा. आजोबा म्हणाले, "पोरा, दाढी टोचते, दुसरीकडे जा." सगळे हसत होते. माझ्यासमोर आलास आणि मिठी मारली नाहीस. कणीस हातात धरून तू ते जुनं गाणं म्हटलंस:

जोवर नदीत पाणी आहे,
जोवर भाकरीत मीठ आहे,
जोवर मी जगतो आहे,
तोवर मी तुझा आहे.

हसणं थांबलं. खळ्यावर सगळ्यांसमोर हे गाणं एकीला म्हटलं की ती थट्टा राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकोणीस वर्षांची, दोन आठवड्यांनी कोइंब्राला विद्यापीठात निघालेली, आमच्या घरातली शाळेपुढे जाणारी पहिली. मी म्हटलं, शिकून येते, मग बोलू. तू म्हणालास, मी कुठे पळून चाललोय? आणि वसंतात तू डोंगर ओलांडून फ्रान्सला पळालास, कारण नाहीतर तुला आफ्रिकेतल्या लढाईवर धाडलं असतं. त्याबद्दल मी तुला कधीच दोष दिला नाही.

वर्षभराने तुझी पत्रं येऊ लागली. पहिल्याच पत्रात तू ते गाणं लिहून पाठवलंस. 'विवेर' लिहायचं तिथे 'बेबेर' लिहिलंस. जगणे लिहायचं तिथे पिणे. जोवर मी पितो आहे, तोवर मी तुझा आहे. त्यात तुझा काय दोष? आपण सगळेच 'व' चा 'ब' करतो, आपल्या तोंडी ते दोन्ही शब्द जवळजवळ एकच होतात.

मी लाल शाईची दौत घेतली. शब्द खोडला, वर बरोबर लिहिला, बाजूला नियम लिहिला, बाकीच्या चुकाही दाखवल्या, खाली लिहिलं, 'प्रगती करशील याची खात्री आहे', आणि तुझं पत्र तुलाच परत पाठवलं. पुढची दोनही तशीच. तेव्हा हुकूमशाही उलथवणारी क्रांती नुकतीच झाली होती, आम्ही विद्यार्थी भिंतींवर लिहीत होतो की देशात एकही माणूस निरक्षर राहणार नाही. मला वाटलं, मी आपल्या माणसापासून सुरुवात करते आहे.

तू विचारशील, आपल्याकडे दिलेली वस्तू परत पाठवण्याचा अर्थ काय होतो, हे तुला ठाऊक नव्हतं का? रुमाल परत आला, कंगवा परत आला, पत्र परत आलं, म्हणजे नकार. शेंबड्या पोरालाही कळतं. मला ठाऊक होतं. मी स्वतःला सांगितलं की या जुन्या समजुती आहेत, आम्ही त्या मोडायला निघालोय, फिर्मिनूला ते समजेल. तिसऱ्या पत्रानंतर तुझं पत्र आलं नाही. मी पाच महिने म्हणत राहिले की टपालाचा गोंधळ आहे.

अजून एक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे पत्र मी टाकणार नाही. तुझं ते पहिलं पत्र मी आमच्या खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं. त्या लिस्बनच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या मुली. त्या हसल्या. पण आधी मी हसले, फिर्मिनू. मी हसल्यावर त्या हसल्या. वर्षभर आमच्यात कुणाचाही वाढदिवस असला की पेले उंच करून ओरडायचं, "जोवर मी पितो आहे!" आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा. मी कोइंब्राला आल्यापासून रोज आरशासमोर वरचे दात खालच्या ओठावर टेकवून 'व' म्हणायचा सराव करायचे, कुणाला कळू नये म्हणून की मी लाकडी खडावा करणाऱ्याची मुलगी आहे. तुझा 'ब' सगळ्यांसमोर ठेवला की माझा लपत होता.

हे तुला कधीच कळलं नसतं. तरीही सांगते आहे.

मी काही मागत नाही. मागत नाही असं लिहिताना माझा हात थांबला, म्हणजे मागत असणार. तूच ठरव.

इदालिना


सोब्रादेलू,
रविवार, २४ जुलै

फिर्मिनू,

आज दुसऱ्यांदा वाचली नावं. फादरना आता तिच्या गावाचं नाव नीट येतं.

माझं बुधवारचं पत्र तुला उद्या मिळेल, मंगळवारी नक्की. तेव्हा हे लिहिण्यात अर्थ नाही, पण लिहिते.

बाबांना सगळं कळलं आहे. ते खडावांचे तळवे तासत बसतात आणि मधूनच एखादं वाक्य माझ्याकडे फेकतात. काल म्हणाले, "पदवी भिंतीवर टांगलीये, तिला रोज सूप घालत जा, म्हातारपणी सांभाळेल." आई त्यांच्यावर ओरडली. मग तीच आत येऊन मला म्हणाली की तुझ्या वयात मला तीन मुलं होती. दोघांना वाईट वाटतं आहे, आणि दोघांना ते असंच सांगता येतं.

शाळेच्या खोलीत संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग घेते. नऊ बायका आणि क्विनू आजोबा. काल आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. मग पाटीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "एवढासाच आहे होय गं मी." सगळ्या हसल्या, मीही हसले, पण मग तुझी आठवण आली आणि मी फळा पुसत उभी राहिले. मी त्यांची चूक कशी सुधारते माहीत आहे? पाटी त्यांच्याच हातात ठेवते. परत पाठवत नाही.

बाल्बिना मावशीकडे गेले होते. लग्नासाठी ती भिंती पांढऱ्या करते आहे. मीही एक कुंचला घेतला. निम्मी भिंत झाली. मग मी तिला सगळं सांगितलं, लाल शाईचं, मुलींचं, पेल्यांचं. मला वाटलं ती मला घराबाहेर काढेल. ती म्हणाली, "जगायचं आणि प्यायचं यात फरक आहे हे मला आज कळलं. आम्ही तर दोन्ही एकाच वाडग्यातून केलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तू त्याची पत्रं वाचतेस ना, तेव्हाही सुधारूनच वाचतेस. माझा मुलगा मला पाद्र्यासारखा ऐकू येतो. मला वाटायचं फ्रान्सला जाऊन असा झाला."

तेवढं बोलून तिने मला भाकरी आणि सार्डीन दिली, आणि संपेपर्यंत समोर बसली.

अजून एक रविवार आहे.

इदालिना


सोब्रादेलू,
मंगळवार, २ ऑगस्ट

फिर्मिनू,

हे पत्र टपालात जाणार नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला तुझ्या आईच्या पत्रातून मिळेल, आणि तेच उत्तर आहे. हे मी लिहिते आहे ते फक्त यासाठी की ते उत्तर कसं दिलं गेलं हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

तुझं पाकीट शनिवारी आलं. मावशी ते घेऊन आमच्याकडे आली, पायरीवर बसली, आणि म्हणाली, "वाच. जसं आहे तसं." मी फोडलं. दोन कागद होते, एक तुझा, एक अनोळखी अक्षरातला.

मी वाचू लागले. गुडघा, गाडीची वेळ, तेराला पोहोचणार. मग ते आलं. मी थांबले नाही, एका सुरात वाचत गेले, कारण थांबले असते तर पुढे वाचता आलं नसतं.

'आई, जी तुला हे वाचून दाखवते आहे तिला सांग की तिची दोन पत्रं मिळाली. ती हसली त्याचं मला काही नाही, माणसं हसतात. पण मी खळ्यावर सगळ्यांसमोर शब्द दिला होता. तो शब्द तिने परत केला की फक्त दुरुस्त केला, हे मला कधीच कळलं नाही. मी समजलो, परत केला. माझी समजूत चुकीची असेल आणि तिला तो शब्द अजून हवा असेल, तर येत्या रविवारी फादर विचारतील तेव्हा तिने उठून सांगावं, सगळ्यांसमोर, जसं मी तिला सांगितलं होतं. मी मानेन. नातेर्सियाला हे ठाऊक आहे.'

एकही चूक नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

मावशीने माझ्या हाताकडे बोट केलं. फक्त म्हणाली, "दुसरा कागद."

दुसरा नातेर्सियाचा होता. शिसपेनीने लिहिलेला, मोठ्या अक्षरात, ओळी वर चढत गेलेल्या. तिचं आयुष्यातलं पहिलं पत्र आहे, असं तिनेच लिहिलं आहे. तू आणि ती रविवारी दुपारी कामगारांच्या वर्गात एका बाकावर बसता, दोन वर्षं झाली, तू आधी शिकलास आणि मग तिला शिकवलंस. ती लिहिते, चुका खूप आहेत, आई, माफ करा, पण हा म्हणतो कागद फाडून परत लिहायचा नाही, पहिलंच आहे. मग तिने लिहिलं होतं, आणि हे मला पाठ झालं आहे: 'ह्याने मला तुमच्याकडचं गाणं म्हटलं. आमच्याकडे व चा ब करत नाहीत, म्हणून मला ऐकू आलं की हा म्हणतो, जोवर मी पितो आहे. मी फार हसले. मग मी म्हटलं, बरं, चालेल, तेवढं तर तेवढं.'

तिलाही चूक ऐकू आली होती. तीही हसली होती. आणि तिने 'चालेल' म्हटलं.

कागदाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, शब्दाबद्दल ह्याने मला सगळं सांगितलं, आणि मीच ह्याला म्हटलं, विचार, नाहीतर आयुष्यभर तुझा एक पाय त्या खळ्यावर राहील.

मी दोन्ही कागद घडी करून मावशीला दिले. ती म्हणाली, "उद्या दहाला." मी म्हटलं, येते.

रविवारी मी निळा झगा घातला. आई दारात आडवी आली. म्हणाली, काही करायचं असेल तर डोकं शांत ठेवून कर. बाबांनी हत्यार खाली ठेवलं आणि पहिल्यांदा थट्टा न करता म्हणाले, "तुझी जीभ आहे. आम्ही तुला शिकवलं ते बोलण्यासाठीच."

मावशीच्या शेजारी बसले. चर्च भरलं होतं. तुझ्या पत्रातलं बाहेर गेलेलं नव्हतं, पण गावाला वास येतो. फादरनी नावं वाचली. तिसरी आणि शेवटची वेळ, म्हणाले. कुणाला हरकत माहीत असेल तर त्याने आत्ता सांगावी. एरवी ते लगेच पुढचं पान उलटतात. या वेळी थांबले.

तू आला असतास. एवढंच डोक्यात होतं. मी उभी राहिले असते तर तू तेराला गाडीतून एकटा उतरला असतास, टोपी हातात घेऊन आमच्या दारात आला असतास, आणि मरेपर्यंत माझा राहिला असतास. एकदाही बोलून दाखवलं नसतंस. माझ्याशी तू शुद्ध बोलला असतास, आयुष्यभर. याची मला इतकी खात्री आहे की इतकी कशाचीच नाही. चार वर्षं पुस्तकं वाचून मी शोधत होते ते गाणं खरं आहे की नाही. खरं आहे. म्हणूनच मला उठता येईना.

तेवढ्यात मावशीचा हात माझ्या गुडघ्यावर आला, भिंतीच्या चुन्याने सालपटलेला हात. त्याने जोर दिला. मला तो खाली धरत होता की वर उठवत होता, मला कळलं नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती समोर, फादरकडे बघत होती.

मी बसून राहिले. फादरनी पान उलटलं.

काल मावशीने शाळेच्या खोलीत येऊन उत्तर सांगितलं, मी लिहिलं. 'ती बसून राहिली. तू ये. सुनेला सांग घर पांढरं केलं आहे, आणि शेळीने उशीची खोळ खाल्ली, ती नवीन आणावी.' तिने जसं सांगितलं तसं लिहिलं. तिने खाली अंगठा उठवला आणि पाकीट बंद केलं. मग निघायचं सोडून तिथेच बसली. मी विचारलं, अजून काही राहिलं का? ती म्हणाली, "तुझ्या वर्गात एक पाटी जास्तीची आहे का?"

मी म्हटलं, मावशी, तुला कशाला आता, मी आहे ना वाचायला.

"म्हणूनच," ती म्हणाली. "दर महिन्याला त्यांच्या घरातलं सगळं तुझ्या तोंडून ऐकू? मूल झालं, दात आला, सगळं? मी म्हातारी आहे, इदालिना, राक्षसीण नाही. मला शिकव आणि मोकळी हो."

मला सांगायचं होतं की मला मोकळं व्हायचं नाही. मूल झालं तर मला वाचायचं आहे, दात आला तर वाचायचा आहे. तुझ्याकडून माझ्यापर्यंत येणारी तेवढीच एक वाट उरली आहे, आणि ती मला मरेपर्यंत पुरली असती. पण तिने पाटी हातात घेतली होती, आणि मी शिक्षिका आहे.

आज पहिला धडा झाला. तिचा हात जड आहे, खडू मोडतो, पण अक्षर एकदा बघितलं की विसरत नाही. रोज तासभर बसली तर नाताळपर्यंत स्वतः वाचू लागेल.

मी हळू शिकवू शकते. हळू शिकवणार नाही.

इदालिना